पहिला प्रश्न कोण विचारणार?

न्यायालयात सरतपासणी आधी आणि उलटतपासणी नंतर, हा क्रम कायद्याने ठरलेला आहे. कारण पहिला प्रश्न विचारणाराच बऱ्याचदा प्रकरणाची दिशा ठरवतो, हे आम्हा वकिलांना अनुभवाने ठाऊक असते. पण दूरचित्रवाणीवर हा क्रम कोण ठरवतो? अमेरिकेतील एका जुन्या कार्यक्रमाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

१४ जानेवारी १९५२ रोजी एनबीसी वाहिनीने न्यूयॉर्कहून 'टुडे' हा सकाळचा बातम्यांचा कार्यक्रम सुरू केला. कल्पना पॅट वीव्हर यांची, सूत्रसंचालक डेव्ह गॅरोवे. बातम्या, हवामान आणि गप्पा असा त्याचा साचा होता. १९५३ मध्ये जे. फ्रेड मग्ज नावाचा चिंपांझी कार्यक्रमात आला आणि घराघरात लोकप्रिय झाला. म्हणजे माकडाला जागा मिळायला फार तर दोन वर्षे लागली. बाईला किती लागली?

बार्बरा वॉल्टर्स १९६१ मध्ये लेखनाच्या कामासाठी 'टुडे'मध्ये आल्या. पुढे त्या पडद्यावर दिसू लागल्या, पण सूत्रसंचालक फ्रँक मॅगी यांनी अट घातली की, मोठ्या राजकीय मुलाखतीत पहिले तीन प्रश्न आपण विचारणार, बाईंनी चौथ्यापासून सुरुवात करावी! वाहिनीने ही अट मान्यही केली. मात्र बाईंच्या करारात एक कलम होते: मॅगी गेले तर सहसूत्रसंचालकपद बाईंना मिळेल. १९७४ मध्ये मॅगी यांचे निधन झाले आणि वाहिनीला ते कलम पाळावे लागले. जे सौजन्याने मिळाले नाही, ते लेखी कराराने मिळाले. कागदाची ताकद ती हीच!

कृष्णवर्णीयांची प्रतीक्षा याहून लांबली. ब्रायंट गंबेल 'टुडे'च्या मुख्य खुर्चीवर बसले ते जानेवारी १९८२ मध्ये, कार्यक्रम सुरू होऊन तीस वर्षे झाल्यावर. पंधरा वर्षे त्यांनी ती जागा सांभाळली.

पण खुर्ची मिळाली म्हणजे सर्व मिळाले काय? कार्यक्रम न्यूयॉर्कहून निघतो, तो घरी पोहोचवते स्थानिक केंद्र. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात एनबीसीचे कार्यक्रम दाखवणारे केंद्र होते डब्ल्यूएलबीटी. या केंद्राविरुद्ध १९५५ मध्ये तक्रार झाली. वंशभेदावरील एका राष्ट्रीय कार्यक्रमात कृष्णवर्णीयांचे वकील थरगूड मार्शल बोलत असताना केंद्राने प्रक्षेपण तोडले आणि पडद्यावर पाटी लावली, 'क्षमस्व, केबलमध्ये बिघाड'. बिघाड केबलमध्ये नव्हता, मनात होता!

या केंद्राच्या क्षेत्रातील सुमारे ४५ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. १९६४ मध्ये आरन हेन्री, रेव्हरंड रॉबर्ट स्मिथ आणि युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट यांनी परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेतली. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन म्हणाले, प्रेक्षकांना दाद मागण्याचा अधिकारच नाही. तोपर्यंत तो अधिकार ज्याचे आर्थिक नुकसान होते किंवा ज्याच्या प्रक्षेपणात अडथळा येतो, त्यालाच होता. १९६६ मध्ये अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. प्रक्षेपणाच्या लहरी जनतेच्या आहेत, तेव्हा जनतेला बोलू द्यावेच लागेल, असा त्या निकालाचा आशय होता. तरीही कमिशनने परवाना दिला, आणि १९६९ मध्ये त्याच न्यायालयाने तो रद्द केला. १९७२ मध्ये विल्यम डिल्डे हे कृष्णवर्णीय गृहस्थ त्याच केंद्राचे महाव्यवस्थापक झाले. आणि ज्यांचे बोलणे तोडले गेले ते मार्शल? ते तर १९६७ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले होते!

जानेवारी २०१८ मध्ये 'टुडे'ची सूत्रे प्रथमच दोन महिलांकडे आली, सव्हाना गथ्री आणि होडा कोटबी. जानेवारी २०२५ मध्ये कोटबी यांची जागा क्रेग मेल्विन या कृष्णवर्णीय पत्रकाराने घेतली. हा बदल आम्हाला स्वागतार्ह वाटतो. पण आमच्या मते या इतिहासातील सर्वांत मोठा माणूस खुर्चीवर बसलेला नव्हता. आपल्या घरी पडदा पाहत बसलेला, 'बिघाड झाला' या पाटीवर विश्वास न ठेवणारा आणि अर्ज घेऊन कमिशनच्या दारी जाणारा तो प्रेक्षक होता. पहिला प्रश्न त्याने विचारला.