शनिवारच्या गोळ्या

डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि अक्कांचे हात मागितले. बोटं जिथे तळहाताला जुळतात तिथले सांधे आडवे धरून हलकेच दाबले. अक्कांनी डोळे मिटले. मग एकेक सांधा अंगठ्याने चाचपत गेले: बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, कोपर, खांदे, गुडघे. मोजायचे सांधे २८. नखाजवळची पेरं मात्र सोडून दिली. ऱ्हुमॅटॉइड संधिवात सहसा तिथे जात नाही. ती जागा वयोमानाच्या झिजेची.

"सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात, अक्का?"

"तीन कट्टे होईस्तोवर."

मी सोबत गेले होते, म्हणून खुलासा केला: कट्टा म्हणजे पंचवीस बिड्या. डॉक्टरांनी 'तासाहून जास्त' असं लिहिलं. मला अक्कांचंच माप सरस वाटलं. वेळही त्यात आहे आणि हाताला काय जमतं तेही.

सोलापूरच्या पूर्व भागात हे माप घरोघरी चालतं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पान मापात कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. या आजारात बहुधा आधी सुजतात ती याच दोन बोटांची मुळं. बिडी सैल झाली की कारखान्यात ती बाजूला पडते, मजुरी बुडते. अक्कांचं दुखणं घरच्यांच्या आधी तिथे कळलं होतं.

"ओली पानं हाताळून वात शिरला," असं गल्लीत सगळ्यांचं मत. ते खरं नाही. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, दोन्ही हातांत सारखीच, आणि बायकांमध्ये दुप्पट-तिपटीने. हा आजार फार दुर्मीळही नाही. पुण्याच्या वाटेवरच्या भिगवणला १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघालं. पण पानांना दोष देत, तेल चोळत आणि कुणीतरी दिलेल्या पुड्या खात अक्कांचं वर्ष गेलं. पुडीने दोन दिवसांत आराम पडायचा. असा झटपट आराम बहुतेकदा लपवून मिसळलेल्या स्टेरॉइडचा असतो. सूज दबते, आत हाड झिजत राहतं.

खरं औषध मेथोट्रेक्सेट, आणि ते संथ. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे. आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर अस्थिमज्जा बंद पडून जिवावर बेततं. दुसऱ्या दिवशी मळमळतं, म्हणून डॉक्टरांनी सुट्टीच्या आदल्या दिवसाची रात्र ठरवली: शनिवार, मारुतीचा उपवास सोडल्यावर. सोबतीला दुसऱ्या वारी फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या पिवळ्या, इवल्याशा. सुनेने त्या वेगळ्या डब्यांत ठेवल्या आणि शनिवारच्या डब्यावर तेलुगूत वार लिहिला.

अक्कांचं घर तेलुगू, म्हणून सांगावंसं वाटतं: भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिड बनवलं आणि त्याला अडवणारी औषधंही. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. संधिवातासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९८८ साली, सुब्बाराव जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर.

तिसऱ्या महिन्यात कट्टे तिनावरून एकावर आले. भाकरी अजून सूनच थापते. मनगट तेवढं वळत नाही. पण बिडी घट्ट येऊ लागली, तशी सुनेने विचारलं, "आता शनिवारच्या गोळ्या बंद करायच्या का?"

"त्याच चालू ठेवायच्या," डॉक्टर म्हणाले. आधी उतरवायचं ते सुरुवातीला दिलेलं थोडं स्टेरॉइड, तेही हळूहळू. मग त्यांनी रक्तपेशी आणि यकृताच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली. अक्कांनी चिठ्ठी घेत विचारलं, "रक्त सोमवारी दिलं तर चालेल? शनिवारी माल द्यायचा असतो."

"चालेल."