तुटलेला दृष्टितंतू पुन्हा वाढेल काय ?

मोतीबिंदूने मंदावलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली मात्र येत नाही. दोन्ही रोग डोळ्यांचेच, मग हा भेद का, असे घरातील वृद्ध मंडळी वारंवार विचारतात. मोतीबिंदूत केवळ भिंग गढूळ होते. काचबिंदूत डोळ्यापासून मेंदूकडे जाणारा मज्जातंतूच झिजतो. या दोरात सुमारे १० लक्ष सूक्ष्म धागे असतात, आणि मनुष्यात तुटलेला धागा पुन्हा वाढत नाही.

न्यूट नामक जलचरात तो वाढतो. अमेरिकेतील रॉजर स्पेरी यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कापलेले धागे मेंदूतील आपापल्या जुन्या जागी जाऊन पोचले व त्या प्राण्यास पुन्हा दिसू लागले. एवढ्याशा जिवास जे साधते ते आपणांस का साधू नये ?

खरे पाहता गर्भावस्थेत आपल्याही पेशींनी हे धागे वाढविलेलेच असतात. त्या विद्येची पोथी पेशीत पुढेही शाबूत असते. परंतु तिची कित्येक पाने जणू लाख लावून मिटलेली असतात. डीएनएवर मेथिल नावाचे लहानसे रासायनिक गट चिकटतात, आणि कोणते पान उघडे राहावे हे बव्हंशी अशा खुणांवर ठरते. अक्षर एकही बदलत नाही, बदलते ते वाचन. वयाबरोबर या खुणांची मांडणीही बिघडत जाते. या विषयाच्या अभ्यासास एपिजेनेटिक्स म्हणतात.

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या प्रौढ पेशीस गर्भपेशीसारखे रूप दिले. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी कर्करोगाचे भय असलेले एक जनुक वगळून उरलेली तीन, हार्वर्ड येथील युआनचेंग लू, डेव्हिड सिंक्लेअर प्रभृतींनी निरुपद्रवी विषाणूंच्या द्वारे उंदरांच्या डोळ्यांत पोचविली. दृष्टितंतू चिरडल्यावरही जगलेल्या पेशी दुपटीने भरल्या, धाग्यांची वाढ पाचपट झाली, असे २०२० साली जाहीर झाले. काचबिंदूसारखा विकार उत्पन्न केलेल्या उंदरांची गेलेली दृष्टीही काही अंशी परतली. मेथिलच्या खुणा काढण्यास साह्य करणारी टेट नावाची प्रथिने अडविताच मात्र हा लाभ नाहीसा झाला. आमच्या मते साऱ्या प्रयोगाचे मर्म येथेच आहे.

तथापि उंदराचा तंतू तो केवढा ! मनुष्याच्या धाग्यास कित्येक सेंटिमीटर वाट चालून मेंदूत योग्य ठिकाणी जुळावे लागते. उंदरांच्या या वार्तेवर कोणी आज दृष्टी विकू लागल्यास त्याची पायरी चढू नये. काचबिंदूत सध्याचा उपाय म्हणजे डोळ्यातील दाब उतरवून उरलेले धागे राखणे. आणि थेंबांची बाटली संपली की, ‘दिसते आहे की सारे,’ म्हणून दुसरी न आणणे, हे आमच्या घरांतून फार चालते.