विजेची सायकल, जुन्या गल्ल्या आणि आपला कारागीर

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ज्याच्या हाती पाना-पक्कड आली, तो सहसा उपाशी राहिला नाही. १९६० नंतर आकुर्डी, पिंपरी, भोसरी आणि पुढे चाकण येथे कारखाने आले. त्यांच्या सावलीत गॅरेजवाले, वेल्डर, फिटर, सीट शिवणारे, पंक्चर काढणारे यांची दुकाने उभी राहिली. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकने आणि कायनेटिकच्या लूनाने कित्येक मिस्त्रींचे संसार चालविले.

आज वारे बदलले आहे. बजाज कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये चेतक विजेवर आणली आणि जून २०२२ मध्ये आकुर्डी येथे खास तिच्यासाठी कारखाना सुरू केला. या गाडीत कार्बोरेटर नाही, पिस्टन नाही, स्पार्क प्लग नाही. म्हणजे ज्या कामावर आपल्या मिस्त्रीची निम्मी कमाई होती, ते कामच तिच्यात उरलेले नाही. मग त्याने करावे काय?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही. परंतु एका छोट्या धंद्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. विजेच्या सायकलीवरून, वाटाड्यासोबत, जुने शहर दाखविण्याचा हा धंदा आहे. युरोपातील अनेक शहरांत तो चालतो. वाचक म्हणतील, 'सहल हा पैसेवाल्यांचा शौक. त्याच्याशी आपला काय संबंध?' संबंध असा की, या धंद्यात सायकल विकत घेणारा भांडवलदार एकटा काही करू शकत नाही. सायकल चालू ठेवणारा हात आणि गल्ली ओळखणारी जीभ या दोन गोष्टींवर हा धंदा उभा राहतो, आणि त्या दोन्ही आपल्याकडे आहेत.

युरोपात हा धंदा कसा चालतो?

पोर्तुगालची राजधानी लिस्बनचे उदाहरण घेऊ. हे शहर टेकड्यांवर वसलेले आहे. ११४७ सालापर्यंत येथे मुसलमानांची सत्ता होती आणि त्या काळची खूण म्हणून 'अल्फामा' हा मोहल्ला आजही उभा आहे. अरबी 'अल-हम्मा', म्हणजे गरम पाण्याचे झरे, यावरून हे नाव पडले असे मानले जाते. तेथील गल्ल्या इतक्या अरुंद की मोठी बस आत जात नाही, आणि चढ इतका की वयस्क माणूस पायी थकतो. साध्या सायकलीवर तर दम निघून जातो. विजेच्या सायकलीने ही अडचण सोडविली.

अशा सहलीत साधारणपणे आठ-दहा माणसांचा जथा असतो. पुढे वाटाड्या, त्याच्या मागे पाहुणे. सुरुवातीला दहा मिनिटे सायकल कशी चालवायची हे मोकळ्या जागेत शिकविले जाते. मग दोन-तीन तासांत दहा-पंधरा किलोमीटरचा फेरा होतो. ठिकठिकाणी थांबून वाटाड्या इतिहास सांगतो आणि एखाद्या हॉटेलात चहा-कॉफी होते. पाहुण्याला दिसते ते एवढेच. पडद्यामागे मात्र रोज सकाळी प्रत्येक सायकलीचे ब्रेक, हवा, चेन आणि बॅटरी तपासणारा मिस्त्री असतो. एका सायकलीने रस्त्यात दगा दिला तर सबंध जथा खोळंबतो आणि दिवसाची कमाई जाते.

हा शौक मूठभरांचाही राहिलेला नाही. एकट्या जर्मनीत २०२३ साली सुमारे २१ लाख विजेच्या सायकली विकल्या गेल्या. त्या वर्षी तेथे प्रथमच साध्या सायकलींपेक्षा विजेच्या सायकली जास्त खपल्या.

गोव्याने वाट दाखविली

आपल्या जवळ, गोव्यात, हा प्रयोग झालेला आहे. पोर्तुगिजांनी १५१० साली विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला आणि तेथे युरोपी धर्तीचे शहर वसविले. पणजीत मांडवीच्या काठी आदिलशहाचा राजवाडा आजही आहे आणि जवळच फोंतेन्हास हा जुन्या पोर्तुगीज घरांचा मोहल्ला आहे. २०१८ साली गोव्यात 'बी-लाइव्ह' या कंपनीने विजेच्या सायकलींवरून अशा वाटाड्यासह सहली सुरू केल्या. फोंतेन्हासच्या गल्ल्या आणि फेरीबोटीने नदी ओलांडून जावे लागते ते दिवाडी बेट, अशी ठिकाणे त्यांनी निवडली. जेथे बस जात नाही आणि पायी फिरणे जड जाते, नेमकी तेथे ही सायकल कामाला येते, हे त्यातून सिद्ध झाले.

यंत्र समजून घ्या

ज्याने लूना पाहिली आहे त्याला हे यंत्र समजायला वेळ लागणार नाही. लूनाला पेडलही होते आणि इंजिनही. येथे इंजिनाच्या जागी विजेची मोटर असते, बहुधा मागच्या चाकाच्या हबमध्ये. बॅटरी लिथियमची, बहुतेक ३६ व्होल्टची. पेडलजवळ एक सेन्सर असतो. पाय फिरला की तो कंट्रोलरला खबर देतो आणि मोटर जोर लावते. पाय थांबला की मोटर थांबते. ब्रेकच्या मुठीतही स्विच असतो, जो ब्रेक दाबताच मोटरची वीज तोडतो.

३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ३६० वॅट-तास वीज मावते. चार्जरमधील थोडी गळती धरली तरी हे अर्ध्या युनिटहून कमी आहे. युनिटला दहा रुपये धरले तरी एका चार्जिंगचा खर्च पाच रुपयांच्या आत बसतो, आणि पेडल मारत गेल्यास त्यावर तीस-चाळीस किलोमीटर अंतर निघते. खरा खर्च विजेचा नसून बॅटरीच्या झिजेचा असतो. साधारण पाचशे ते आठशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची ताकद लक्षात येईल इतकी घटते.

बिघाड कोणते येतात? हबमधील मोटरच्या वजनाने मागचे स्पोक तुटतात आणि चाक आऊट होते. वजन आणि वेग जास्त म्हणून ब्रेक-पॅड लवकर झिजतात. पावसाळ्यात वायरींच्या जोडावर गंज चढतो. कधी सेन्सर सरकतो, कधी कंट्रोलर जळतो. यातील निम्मी कामे सायकलवाल्याची आहेत आणि निम्मी वायरमनची. साधा मल्टिमीटर वापरता येणारा सायकल मिस्त्री चार-सहा महिन्यांच्या सरावात ती शिकू शकतो. सरकारी आय.टी.आय. मध्ये आता इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिक हा स्वतंत्र ट्रेडही आहे. रावेत येथे तर 'ई-मोटोरॅड' कंपनीने विजेच्या सायकलींचा मोठा कारखानाच उभारला आहे. म्हणजे माल आपल्या दाराशी तयार होतो. तो दुरुस्त करणारे हातही येथलेच का नसावेत?

पुण्याने शिकविलेला धडा

२०१७ च्या अखेरीस पुण्यात भाड्याच्या सायकलींची योजना मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. मोबाइलवरून कुलूप उघडा, फिरा आणि वाटेल तेथे सोडा, अशी सोय होती. कंपन्या मोठ्या होत्या, भांडवलाची कमतरता नव्हती. तरीही काही सायकलींची मोडतोड झाली, काही चोरीस गेल्या, आणि दोन-तीन वर्षांत ही योजना बंद पडली.

जुन्या काळी आपल्याकडे तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने होती. तेथे मालक रोज संध्याकाळी प्रत्येक सायकल हाताने तपासत असे आणि गिऱ्हाइकाला चेहऱ्याने ओळखत असे. त्याची सायकल वर्षानुवर्षे टिकली. फरक राखणदाराचा होता. वाटाड्यासह सहलीत हा राखणदार परत येतो, म्हणून आपल्या कारागिराने या धंद्याचा विचार करावा.

आपल्या भागात दाखवावे काय?

चिंचवडगावात पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे आणि १८९७ च्या रँड प्रकरणातील चापेकर बंधूंचा वाडा आहे. पुढे इंद्रायणीकाठी देहू आणि आळंदी. चाकणला संग्रामदुर्ग हा भुईकोट. १६६० साली शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी हा छोटासा कोट जवळजवळ दोन महिने लढविला. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, बहमनी सरदार मलिक-उत-तुज्जार याने कोकणच्या मोहिमेसाठी चाकणला आपला तळ दिला होता. 'मलिक-उत-तुज्जार' म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार. बसऱ्याहून आलेल्या एका सौदागराला बहमनी सुलतानाने हा किताब दिला होता. कारखान्यांच्या धुराआड असा इतिहास दडलेला आहे आणि तो सांगणारे फार थोडे आहेत.

गिऱ्हाईक कोठून येईल? चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आहेत. परदेशी कंपन्यांत कामानिमित्त बाहेरदेशचे इंजिनीअर येत-जात असतात. हिंजवडीत परगावचे हजारो तरुण नोकरीला आहेत. रविवारी कोठे जावे, हा प्रश्न या सर्वांना पडतो.

मात्र एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनर आणि ट्रक यांची रीघ असते. त्या रस्त्यावर पाहुण्यांना सायकलीने नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. सायकली टेम्पोत घालून गावाजवळ उतरवाव्यात आणि फेरा गावातल्या गल्ल्या व नदीकाठ एवढाच ठेवावा. त्यात टेम्पोवाल्यालाही काम मिळते.

हिशेब मांडून पाहा

पुढील आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून ते तपासावेत.

सहा सायकली, प्रत्येकी ३५ हजार रुपये, म्हणजे २ लाख १० हजार. हेल्मेट, हत्यारे आणि सुटे भाग ४० हजार. एकूण भांडवल अडीच लाख. एक सायकल वाटाड्याची, पाच पाहुण्यांची. शनिवार-रविवार मिळून आठवड्यात चार फेऱ्या, म्हणजे महिन्यात सोळा. दर माणशी ६०० रुपये.

दरमहा ठरलेला खर्च असा: वाटाड्या आणि मदतनीस फेरीला ११०० प्रमाणे १७,६००, जागा व चार्जिंग ४,०००, दुरुस्ती ३,०००, सायकलींची झीज चार वर्षांवर वाटून ४,४००, नव्या बॅटरीसाठी बाजूला २,०००. एकूण ३१,०००. शिवाय चहा-नाश्ता दर माणशी ६० रुपये.

पाचही जागा भरल्या तर महिन्याला ८० पाहुणे, ४८,००० जमा आणि सगळा खर्च जाऊन १२,२०० शिल्लक. पण फेरीला तीनच माणसे आली तर जमा २८,८०० आणि खर्च जवळपास ३४,०००, म्हणजे दरमहा पाच हजारांचा तोटा. फेरीला निदान चार माणसे आल्याखेरीज हा धंदा उभा राहत नाही. टेम्पो लावला तर त्याचे भाडे वेगळे. पावसाळ्यात फेऱ्या कमी होतात, तेही विसरू नये.

कायदा आणि खबरदारी

मोटार वाहन नियमांप्रमाणे, मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा कमी असेल, तर असे वाहन मोटार वाहन मानले जात नाही. त्याला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. मात्र कोणी गिऱ्हाईक 'वेग वाढवून द्या' म्हणाला तर सरळ नाही म्हणावे. कंट्रोलर बदलून वेग वाढविला की ती सायकल या सवलतीतून बाहेर पडते. अपघात झाल्यास चालविणारा आणि बदल करून देणारा मिस्त्री दोघेही अडचणीत येतात.

लिथियम बॅटरीशी हलगर्जी करू नये. तिच्यासाठी दिलेलाच चार्जर वापरावा. झोपताना, जिन्यात किंवा दाराच्या तोंडाशी चार्जिंग लावू नये. फुगलेली, पडलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी वापरू नये. शिक्षण घेतल्याशिवाय तिचे खोके उघडू नये, कारण तिला लागलेली आग सहज विझत नाही.

सुरुवात कोठून करावी?

वरील हिशेबाचा अर्थ उघड आहे. कारागिराने पहिल्याच दिवशी अडीच लाख घालून सहा सायकली घेऊ नयेत. आधी दुरुस्ती शिकावी आणि आपल्या दुकानावर तशी पाटी लावावी. विजेच्या सायकली रस्त्यावर येत आहेत, सहली निघोत वा न निघोत, त्यांची दुरुस्ती लागणारच. दुसरी पायरी म्हणजे एक-दोन सायकली घेऊन किंवा भाड्याने आणून सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या माणसांना फिरवून पाहणे. गिऱ्हाईक टिकते असे दिसल्यावरच भांडवल घालावे. तेही शक्यतो भागीदारीत असावे: एकाचा पैसा, दुसऱ्याचा हुन्नर, नफ्याचा वाटा आधी ठरलेला आणि करार कागदावर लिहिलेला. कर्जाचा हप्ता पावसाळ्यातही थांबत नाही. भागीदार मात्र मंदीतही धंद्याबरोबर असतो.

घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना गावचा इतिहास वाचायला लावावा. सनावळी चोख हवी, ऐकीव गोष्टी नकोत. इंग्रजी बोलता आले तर उत्तमच. बाप सायकल सांभाळील आणि लेकरू वाट दाखवील, तर धंद्याचे दोन्ही आधार एकाच घरात राहतील आणि हाताला काम नाही म्हणून त्या घरातल्या मिस्त्रीला दुकान बंद करावे लागणार नाही.