भूछत्री ओठांची सुरई

भूमध्य समुद्रात, आजच्या इस्राएलमधल्या अश्कलोनच्या किनाऱ्यापासून दूर, ४०० मीटर खोल पाण्यात दोन जहाजं बसलेली आहेत. इसवी सनपूर्व आठव्या शतकातली, फिनिशियनांची. लाकूड बरंचसं किड्यांनी खाल्लं, पण मातीचे घडे तसेच राहिले. १९९९ मध्ये समुद्रसंशोधक रॉबर्ट बॅलार्ड यांच्या यंत्रमानवाने तिथे प्रकाश पाडला, तेव्हा प्रत्येक जहाजावर जवळपास चारशे रांजण दिसले. आतून राळेचा लेप, त्यात मुरलेले द्राक्षमद्याचे अंश. आणि मापं? प्रत्येक रांजणात जवळजवळ सारखीच दारू मावते. हाताने चाक फिरवणाऱ्या कुंभाराची ही तयारी बघून मी तर थक्कच होतो!

खलाशांची स्वयंपाकाची भांडीही तिथेच सापडली. धूप जाळायचं एक पात्रही. आणि एक सुरई, जिचा ओठ भूछत्रासारखा पसरट आहे.

आता टायरला चला. आजच्या लेबनॉनमधलं हे फिनिशियन शहर तेव्हा बेट होतं आणि समोरच्या किनाऱ्यावर, अल-बास इथे, त्याची दफनभूमी होती. पुरातत्त्वज्ञ मारिया युजेनिया ऑबेट यांच्या चमूने १९९७ पासून ती उकरली. इथले लोक मृतदेह जाळत. पुष्कळदा घड्यांची जोडी पुरत: एकात राख, दुसऱ्यात वेचलेल्या अस्थी आणि मृताची एखादी आवडती चीज, कधी इजिप्शियन धर्तीचा भुंग्याच्या आकाराचा ताईत. शेजारी दोन सुरया आणि प्यायचा एक वाडगा. एका सुरईचं तोंड तिपाकळी; दुसरीचा ओठ तोच, भूछत्री. मग खड्ड्यात आग पेटवायची, ताटं-वाडगे मुद्दाम फोडायचे आणि माती लोटायची. थडग्यामागून थडगं उघडलं तरी संच साधारण हाच. श्रीमंतीचा तोरा कुठे फारसा दिसत नाही.

फिनिशियनांनी जगाला वर्णमाला दिली, पण त्यांनी स्वतः पपायरसवर लिहिलेलं जवळजवळ सगळं कुजून गेलं. त्यांच्याबद्दल आपण वाचतो ते बहुतेक ग्रीकांनी आणि इतर शेजाऱ्यांनी लिहिलेलं, त्यात मत्सरही भरपूर. माझा विश्वास खापरांवर जास्त आहे. मेलेल्या माणसाला त्यांनी वेगळी, दिखाऊ भांडी दिली नाहीत. जहाजावर चालणारी सुरईच दिली.

अशीच सुरई स्पेनमध्ये, मालागाजवळच्या त्रायामार इथल्या फिनिशियन थडग्यांतही निघाली. टायरपासून ती जागा सरळ रेषेत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे.