ग्रीक स्मारक सुवर्णनाणी, आधुनिक

एखाद्या घटनेची, व्यक्तीची वा संस्थेची स्मृती जपण्यासाठी आधुनिक ग्रीक राज्याने विसाव्या शतकापासून काढलेली सोन्याची नाणी. ही नाणी बाजारात फिरावीत असा हेतू त्यांच्यामागे नसतो. त्यांच्यावर मूल्य कोरलेले असते व कायद्याने ती चलन ठरतात; परंतु टाकसाळीतून ती पेटीत आणि पेटीतून संग्राहकाच्या कपाटात जातात. त्यामुळे प्रत्येक नाण्याला तीन वेगवेगळी मूल्ये प्राप्त होतात : त्यावर कोरलेले दर्शनी मूल्य, त्यातील सोन्याचे मूल्य आणि त्याच्या दुर्मिळतेचे मूल्य. ग्रीक नाण्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. एका शतकात राजेशाही, प्रजासत्ताक व हुकूमशाही ह्यांची अनेक आवर्तने ह्या देशाने पाहिली आणि प्रत्येक राजवटीने आपल्याला सोयीची तेवढी स्मृती सोन्यात उतरवली. हा संग्रह करणारा म्हणूनच सोन्याबरोबर राजकीय इतिहासही गोळा करीत असतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

पूर्वपीठिका : प्राचीन ग्रीसचे नाव सुवर्णनाण्यांशी सहज जोडले जात असले, तरी अभिजात काळातील ग्रीकांचे चलन मुख्यत्वे चांदीचे होते. अथेन्सची घुबडाची छाप असलेली प्रसिद्ध नाणी चांदीचीच. सोन्याची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली ती मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने, इ. स. पू. चौथ्या शतकात. आधुनिक ग्रीसचे पहिले नाणेही चांदीचे आहे. योआनीस कापोदीस्त्रीआस ह्याच्या कारकीर्दीत ईजिना बेटावर टाकसाळ उघडण्यात आली. तीत पाडलेल्या ‘फीनिक्स’ नाण्यावर राखेतून पुन्हा उठणारा फीनिक्स पक्षी होता आणि त्याच्याबरोबर ग्रीक अंकाक्षरांत स्वातंत्र्ययुद्धाच्या प्रारंभाचे वर्ष, म्हणजे १८२१, कोरलेले होते. ह्या अर्थाने नव्या राज्याचे पहिलेच नाणे स्मारक नाणे होते, असे म्हणता येईल. हाच पक्षी पुढे दीडशे वर्षांनी वेगळ्या हातांनी सोन्यावर कोरला जाणार होता.

ऑटो राजाच्या काळात ड्राक्मा हे चलन आले व १८३३ साली २० ड्राक्मांचे सुवर्णनाणे पाडण्यात आले. ग्रीस लॅटिन चलनसंघात सामील झाल्यावर पहिल्या जॉर्जची सुवर्णनाणी फ्रेंच नाण्यांच्या वजनाची व कसाची झाली. पॅरिसच्या टाकसाळीत १८७६ मध्ये ५ पासून १०० ड्राक्मांपर्यंतची नाणी पाडण्यात आली. त्यांत दर हजारी ९०० भाग शुद्ध सोने असे. २० ड्राक्मांचे नाणे ६.४५ ग्रॅम, तर १०० ड्राक्मांचे ३२.२६ ग्रॅम वजनाचे होते. ही चलनी नाणी असल्याने ती स्मारक नाण्यांत मोडत नाहीत. तरीही संग्राहक आपल्या संग्रहाचा आरंभ बहुधा त्यांच्यापासून करतात, कारण नंतरच्या स्मारक नाण्यांनी हेच वजन व हाच कस दीर्घकाळ चालू ठेवला. १८७६ चे १०० ड्राक्मांचे नाणे शंभर नगांच्याही आत पाडले गेले आणि त्यामुळेच ते बनावट नाणी करणाऱ्यांचे आवडते ठरले.

राजेशाहीचे पुनरागमन : ग्रीसमध्ये १९२४ ते १९३५ ह्या काळात प्रजासत्ताक होते. ३ नोव्हेंबर १९३५ रोजी सार्वमत घेण्यात आले आणि राजेशाहीच्या बाजूने जवळजवळ सर्व मते पडल्याचे जाहीर झाले. ह्या आकड्यावर त्या वेळीही कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. २५ नोव्हेंबर रोजी दुसरा जॉर्ज मायदेशी परतला. ह्या घटनेच्या पाचव्या वर्धापनाप्रीत्यर्थ १९४० मध्ये २० व १०० ड्राक्मांची सुवर्णनाणी पाडण्यात आली. त्यांच्यावर वर्ष १९४० नसून २५ नोव्हेंबर १९३५ ही पुनरागमनाची तारीख आहे. नवख्या संग्राहकाची येथे हमखास फसगत होते. दोन्ही नाण्यांची संख्या काही शेकड्यांच्या पलीकडे नाही. वर्धापनदिन उगवण्यापूर्वीच, २८ ऑक्टोबर १९४० रोजी, इटलीने ग्रीसवर आक्रमण केले आणि सोन्याला तेथे निराळाच अर्थ प्राप्त झाला.

जर्मनी, इटली व बल्गेरिया ह्यांच्या ताब्यात गेलेल्या ग्रीसमध्ये (१९४१–४४) ड्राक्माचे मूल्य कोसळले. १९४४ साली १०० अब्ज ड्राक्मांची नोट छापली गेली आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ५० अब्ज जुन्या ड्राक्मांच्या बदल्यात एक नवा ड्राक्मा देण्यात आला. ह्या काळात घर, जमीन, तेलाचे डबे ह्या सर्वांच्या किंमती ब्रिटिश सॉव्हरिनमध्ये बोलल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रात ज्या नाण्याला लोक ‘गिनी’ म्हणत, तेच हे नाणे. ग्रीक लोक त्याला ‘लिरा’ म्हणतात. युद्धानंतर चलन सावरण्यासाठी ग्रीसच्या मध्यवर्ती बँकेला स्वतःच सॉव्हरिन विकावी लागली आणि त्यांची खरेदी-विक्री ती बँक अद्यापही करते. स्मारक नाण्यांच्या दृष्टीने ह्याचा परिणाम महत्त्वाचा आहे. ग्रीक कुटुंबाने अडीअडचणीसाठी जे सोने जपले, ते परक्या राजाच्या मुद्रेचे. आपल्या राज्याने काढलेले स्मारक नाणे त्याने कधी तारण मानले नाही. ह्या नाण्यांचा बाजार म्हणूनच प्रारंभापासून लहान, जाणकारांचा व पुष्कळ अंशी परदेशांतील राहिला.

लष्करी राजवटीची नाणी : २१ एप्रिल १९६७ रोजी लष्करातील कर्नलांच्या एका गटाने सत्ता बळकावली. त्यांनी उखडण्याचा प्रयत्न त्याच वर्षीच्या डिसेंबरात फसल्यावर दुसरा कॉन्स्टंटीन राजा देश सोडून गेला; राजेशाही नावापुरती १९७३ पर्यंत उरली. ह्या राजवटीने १९७० मध्ये आपल्या सत्ताग्रहणाच्या स्मरणार्थ २० व १०० ड्राक्मांची सुवर्णनाणी व त्यांच्या जोडीला चांदीची नाणी काढली. त्यांच्यावरही प्रत्यक्ष पाडण्याचे वर्ष नाही, सत्ताग्रहणाची तारीख आहे. ज्वाळांतून उठणारा फीनिक्स आणि त्याच्यासमोर बंदूकधारी सैनिकाची आकृती हे त्या राजवटीचे बोधचिन्ह नाण्यावर कोरण्यात आले. कापोदीस्त्रीआसचा पक्षी अशा रीतीने बंडखोर सेनाधिकाऱ्यांच्या सेवेस लावला गेला. सोन्याचे वजन व कस मात्र १८७६ च्या नाण्यांचेच ठेवले होते : १०० ड्राक्मांच्या नाण्यात २९ ग्रॅमांहून किंचित अधिक शुद्ध सोने आहे. दर्शनी मूल्याशी ह्या सोन्याचा काहीही संबंध नव्हता, कारण १९५४ पासून ३० ड्राक्मांना एक डॉलर असा विनिमय दर होता. शंभर ड्राक्मा म्हणजे सव्वातीन डॉलरांच्या आसपास आणि सोने सुमारे एक औंस. जुन्या वजनाचा आग्रह हा परंपरेचा वारसा सांगण्यासाठी होता, चलनासाठी नव्हता.

जुलै १९७४ मध्ये ही राजवट कोसळली आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरच्या सार्वमताने राजेशाहीही संपुष्टात आली. नाणी मात्र उरली. छळ, तुरुंगवास व हद्दपारी ह्यांच्याशी निगडित असलेले चिन्ह जवळ बाळगावे काय, ह्याबद्दल संग्राहकांत मतभेद आहेत. ज्याला आधुनिक ग्रीसचा इतिहास नाण्यांतून मांडावयाचा आहे, त्याला ही नाणी वगळता येत नाहीत, हेच मत ग्राह्य धरणे योग्य. १९४० ची नाणी ज्यांनी आनंदाने घेतली, त्यांनी १९७० ची नाकारण्यात सुसंगती नाही. कारण दोन्हींच्या मुळाशी लोकांच्या इच्छेविषयी केलेला एक खोटा दावा आहे.

प्रजासत्ताकाची नाणी : यूरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश करण्याच्या करारावर २८ मे १९७९ रोजी अथेन्समधील झापिओन प्रासादात सह्या झाल्या. त्या निमित्ताने १०,००० ड्राक्मांचे, २० ग्रॅम वजनाचे व हजारी ९०० कसाचे सुवर्णनाणे काढण्यात आले. अथेन्समध्ये १९८२ साली भरलेल्या यूरोपीय मैदानी स्पर्धांसाठी १९८१–८२ मध्ये तीन संच निघाले. त्यांत २,५०० व ५,००० ड्राक्मांची सोन्याची नाणी होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या शताब्दीनिमित्त कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स व ऑस्ट्रिया ह्यांच्यानंतर १९९६ मध्ये ग्रीसची पाळी आली. ह्या काळातील विषयांची निवड पाहता प्रजासत्ताकाने वादग्रस्त निकटचा भूतकाळ टाळून यूरोप, खेळ व प्राचीन वारसा ह्यांचा आश्रय घेतलेला दिसतो.

ग्रीस १ जानेवारी २००१ रोजी यूरो क्षेत्रात सामील झाला. विनिमय दर एका यूरोस ३४०.७५ ड्राक्मा असा ठरला. ह्या दराने १९७९ च्या दहा हजार ड्राक्मांच्या नाण्याचे दर्शनी मूल्य तीस यूरोही भरत नाही, आणि त्यात १८ ग्रॅम शुद्ध सोने आहे. ड्राक्मा नाणी बदलून देण्याची मुदत २००४ मध्ये संपल्यावर ते मूल्य केवळ अक्षरांपुरतेच उरले.

यूरो चलनातील सर्वांत मोठा उपक्रम २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकचा होय. २००३–०४ मध्ये सहा संच निघाले. प्रत्येक संचात १०० यूरोंचे एक सोन्याचे व १० यूरोंची दोन चांदीची नाणी होती. चांदीच्या नाण्यांवर प्राचीन व अर्वाचीन खेळ, तर सोन्याच्या नाण्यांवर वास्तू होत्या : नॉससचा राजवाडा, ऑलिंपियाच्या क्रीडांगणाकडे नेणारा कमानदार मार्ग, १८९६ चे पहिले आधुनिक ऑलिंपिक जेथे झाले ते पॅनाथेनाइक क्रीडांगण, झापिओन, अथेन्सची अकादमी आणि ॲक्रोपोलिस. ह्या नाण्याचे वजन १० ग्रॅम असून सोने जवळजवळ निर्भेळ, म्हणजे दर दहा हजारी ९,९९९ भाग शुद्ध आहे. प्रत्येक प्रकाराची कमाल संख्या २८,००० ठेवण्यात आली होती. त्यानंतर निघालेल्या सोन्याच्या नाण्यांत २०१४ साली झ्यूसपासून सुरू झालेली ऑलिंपस पर्वतावरील देवतांची माला आणि वारसास्थळांची ५० यूरोंची, अवघ्या एका ग्रॅमची नाणी ह्यांचा उल्लेख करावयास हवा. २००४ साली शंभर यूरोंच्या नाण्यात दहा ग्रॅम सोने होते. पुढील दशकात पन्नास यूरोंना एक ग्रॅम झाले. सोन्याच्या भावातील चढ एवढ्या तुलनेतून कळतो.

संग्रह व परीक्षण : संग्राहकाने प्रथम कमाल मर्यादा आणि प्रत्यक्ष पाडलेली संख्या ह्यांतील भेद जाणावा. जाहिरातीत ‘मर्यादित’ हा शब्द नेहमीच असतो. परंतु सहा प्रकारांची प्रत्येकी २८,००० ही मर्यादा म्हणजे एकूण १,६८,००० नाण्यांना मुभा होय. अशा नाण्याची किंमत दीर्घकाळ सोन्याच्या भावामागे चालते. काही शेकड्यांत असलेल्या १९४० च्या नाण्याची किंमत सोन्यावर अवलंबून नसते. मधल्या गटात पेटी, प्रमाणपत्र व संचाची पूर्णता ह्यांनी फरक पडतो. २०१० नंतरच्या आर्थिक संकटात ग्रीसमध्ये गावोगावी सोने विकत घेणारी दुकाने निघाली आणि पुष्कळ सोने मुशीत गेले. धातूचा भाव वर गेला की सामान्य स्मारक नाणे वितळवणे विक्रेत्याला परवडते. म्हणून जुन्या मालिकांतील आजची शिल्लक संख्या नोंदीतील संख्येएवढीच असेल असे धरून चालता येत नाही.

खरेपणाची पहिली कसोटी वजन व व्यास ह्यांची. तिच्यानंतर विशिष्ट गुरुत्व पाहतात : हजारी ९०० कसाच्या तांबेमिश्रित सोन्याचे ते सु. १७.२, तर निर्भेळ सोन्याचे १९.३ असते. सोन्याचा मुलामा दिलेले हलके नाणे ह्या कसोटीत तत्काळ उघडे पडते. परंतु दुर्मिळ नाण्यांचे कसबी नकलाकार योग्य कसाचे खरेच सोने वापरतात, कारण त्यांचा नफा धातूत नसून दुर्मिळतेत असतो. अशा वेळी तराजू निरुपयोगी ठरतो. अक्षरांच्या कडा, कडेवरील दाते, साच्यातील बारीक खुणा भिंगाखाली अस्सल नमुन्याशी ताडून पाहणे एवढाच मार्ग उरतो. अथेन्सचे नाणेसंग्रहालय हाइन्‍रिख श्लीमानच्या जुन्या निवासस्थानात आहे. तेथील नाणी पाहून तयार झालेली नजर छापील सूचीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

झळाळी दिलेल्या साच्यांनी पाडलेल्या नाण्यांचा पृष्ठभाग आरशासारखा असतो. त्यांना बोट लावू नये, कड धरूनच ती उचलावीत व कधीही घासू नयेत. सोने मऊ असल्याने एका पुसण्यानेही ओरखडे उठतात. शुद्ध सोन्याच्या नाण्यांवर क्वचित तांबूस डाग दिसतात. त्यांवरून नाणे खोटे ठरवू नये.

यूरोपीय संघाच्या नियमानुसार १८०० नंतर पाडलेले, किमान हजारी ९०० कसाचे, कधीतरी विधिग्राह्य चलन असलेले आणि धातुमूल्याच्या ८० टक्क्यांहून अधिक जादा भावाने न विकले जाणारे सुवर्णनाणे गुंतवणुकीचे सोने समजले जाते व मूल्यवर्धित करातून सुटते. दुर्मिळ नाण्यावर मात्र कर पडू शकतो, म्हणजे एकाच टाकसाळीच्या दोन नाण्यांना कायदा निरनिराळा लागू होतो. पुरावस्तूंचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. ग्रीसच्या २००२ च्या कायद्याने १८३० पर्यंतच्या सांस्कृतिक वस्तू प्राचीन स्मारके मानल्या असून त्या बाळगण्यावर कडक निर्बंध आहेत. शेतात सापडलेले फिलिपचे नाणे शेतकऱ्याला ठेवून घेता येत नाही. झ्यूसची मुद्रा असलेले २०१४ चे नाणे मात्र तो विकत घेऊ शकतो. यूरोतील ही सोन्याची नाणी फक्त ग्रीसमध्येच विधिग्राह्य आहेत; इतर यूरो देशांत दुकानदाराने ती स्वीकारण्याचे बंधन नाही.