मागच्या रांगेतली इग्निशन कॉइल

टोयोटा सिएनाच्या ३.५ लिटर व्ही-६ इंजिनात पुढच्या तीन कॉइल हाताशी असतात. मागच्या तीन मात्र इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेल्या. स्कॅनरवर पी०३०१, पी०३०३ किंवा पी०३०५ कोड आला की दुखणं मागेच आहे, असं समजावं.

इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मॅनिफोल्ड उचलल्याबरोबर उघडी भोकं स्वच्छ फडक्याने झाका. आत पडलेला नट इंजिन खोलायला लावतो. उष्णतेने कनेक्टरचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, म्हणून वायर ओढू नका, लॉक दाबा. १० मिलिमीटरचा बोल्ट काढून कॉइल किंचित फिरवत वर घ्या. तिचं रबर स्पार्क प्लगला चिकटलेलं असतं.

एवढं खोललंच आहे, तर मागचे तिन्ही स्पार्क प्लग आणि मॅनिफोल्डचं गॅस्केटही नवीनच टाका.