वस्तादाची नजर, गावची जिम

स्वतंत्र जिम म्हणजे कोणत्याही साखळीची शाखा नसलेली, मालकच बहुधा ट्रेनर असलेली व्यायामशाळा. पत्र्याची शेड किंवा रस्त्यालगतचे दोन गाळे, भिंतीला आरसे, खाली रबरी चटया, एक-दोन बेंच, डंबेलचा स्टँड, बारबेल आणि प्लेटा एवढ्यावर ती उभी राहते. अलिबागच्या उत्तरेला किहीम-चोंढी पट्ट्यात सार्वजनिक आरोग्याच्या कामाला अशी जागा मोठ्या चकचकीत जिमपेक्षा जास्त उपयोगी पडते.

अष्टागरातल्या या गावांत व्यायाम पूर्वी कामातच होता. लावणीला दिवसभर वाकायचे, नारळावर चढायचे, भारे डोक्यावरून न्यायचे. आता बंगल्यांची देखभाल, रिक्षा, दुकान, पर्यटकांची खोली ही बैठी किंवा उभ्या उभ्या करायची कामे वाढली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने २०२२ मध्ये भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी असल्याचा अंदाज मांडला; स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. किनाऱ्यावर चालून पहिली अट पुरी होते, दुसरी होत नाही. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि वाढत्या वयाबरोबर न वापरलेला स्नायू झिजत जातो. मधुमेह आणि म्हातारपणीचे पडणे, दोन्हींचे एक मूळ इथे आहे.

लोकांनी चालवलेली व्यायामाची जागा महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरच्या गंगावेश, मोतीबाग या तालमी, अमरावतीचे १९१४ सालचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४), दादरचे समर्थ व्यायाम मंदिर (१९२५) ही सगळी त्याच परंपरेतली. तालमीत साधने थोडी असत. जोर-बैठका, मुद्गल, मल्लखांब आणि लाल मातीचा हौदा. सारी मदार वस्तादाच्या नजरेवर. पठ्ठ्याची बैठक कुठे चुकते आणि कोण दोन दिवस फिरकला नाही, हे त्याला न विचारता कळे. छोट्या जिममध्ये तीच नजर टिकू शकते.

चांगल्या ट्रेनरच्या हाताखाली पहिला दिवस लोखंडाला हात न लावता जातो. रक्तदाब, साखर, गुडघे, जुनी दुखापत, चालू गोळ्या यांची विचारपूस होते. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टर. मग पन्नाशीच्या बाईला हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायला सांगतात. गुडघे आत झुकतात का, टाचा उचलतात का, हे समोरून आणि बाजूने पाहिले जाते. खुर्चीची हीच उठबस पुढे स्क्वॉट होते. त्यानंतर काठी पाठीला लावतात. डोके, पाठ आणि माकडहाड तिन्ही टेकलेली ठेवून खुब्यातून वाकायचे. भरलेली कळशी उचलताना कंबर वाचते ती याच वाकण्याने. हे अंगवळणी पडायला कधी आठवडा लागतो, कधी महिना, आणि इथे घाई करणारा ट्रेनर माणसाचे नुकसान करतो.

वजन नंतर येते. दहा-बारा रेपचे दोन सेट; शेवटच्या दोन जड वाटाव्यात, पण ठेवण मोडू नये. उचलताना श्वास सोडायचा, कारण तो कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. इन्सुलिन घेणाऱ्यासाठी साखर हाताशी ठेवलेली असते. प्रत्येकाचे आकडे वहीत लिहिले जातात. आठवडाभर कोरे राहिलेले पान दिसले, की मालक फोन करतो. साध्या फोनने पुन्हा सुरू झालेला व्यायाम महागड्या यंत्राहून जास्त आरोग्य देतो.

अशा जिमला धोकाही याच जवळिकीतून येतो. दंड लवकर फुगवण्यासाठी पोरांच्या हाती इंजेक्शन देणारा माणूसही ओळखीचाच असतो. स्टेरॉइडने हृदय आणि यकृत दोन्ही बिघडतात. ती विकणाऱ्या जागेला व्यायामशाळा म्हणू नये. बायकांसाठी वेगळी वेळ नसेल, तर गावातली निम्मी माणसे दारातूनच परततात.

किनाऱ्यावर देखभालीचा ताप वेगळा. खारी हवा बारबेलला, डंबेलला आणि यंत्रांच्या तारांना गंज चढवते. रोज कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्यावा लागतो, पावसाळ्यात जास्तच. वीज गेली की ट्रेडमिल थांबते, बारबेल थांबत नाही. वेळापत्रकही गावाचेच लागते. जुलैत लावणी असते, आणि शनिवार-रविवारी पर्यटक आले की बंगल्यांवर राबणाऱ्यांना सवड नसते. त्यांच्यासाठी सोमवारी दुपारी शेडचे दार उघडे ठेवावे लागते.